अक्काची किडनी आणि आखाड्यावरचं कुत्रं

डॉक्टरने स्वतःहून माझ्यासाठी चहा मागवला, तेव्हाच मी ओळखलं की आपलं काही खरं नाही.

हिंगोलीतला हा डॉक्टर तसा घाईचा माणूस. पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पुढच्याला हाक मारणारा. त्या दिवशी मात्र त्याने माझा रक्ताचा रिपोर्ट दोनदा वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि कंपाउंडरला म्हणाला, "दोन चहा सांग. एकात साखर कमी." मी पंचवीस वर्षं गावोगाव फिरून लोकांची हळद शिजवतो. माझं वाफेचं कुकर ट्रॅक्टरमागे लावून मी कळमनुरी तालुक्यातलं एकेक शिवार पालथं घातलंय. माणूस चहा कधी पाजतो आणि कशासाठी पाजतो, हे मला बराबर कळतं.

"बापूराव, पाय कधीपासून सुजतात?"

"कुकरपाशी उभं राहून सुजतात, साहेब. हंगाम आहे."

"आणि सकाळी मळमळ?"

"ते पित्त."

"पित्त नाही. दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात."

मी विचारलं, "दोन्ही?" तो म्हणाला, "दोन्ही." मी म्हणालो, "बघा की साहेब, एखादी तरी चालू असंल." आता लिहिताना हसू येतं, पण तेव्हा मी खरंच घासाघीस करत होतो.

बाहेर माझी बायको सुमन बाकावर बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो, एक हात छातीवर ठेवला आणि म्हणालो, "सुमन, खेळ खल्लास." गावच्या विहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाचा माइक माझ्याच हातात असतो, त्यामुळे ही सवय. तिने पिशवी माझ्या मांडीवर हाणली. "नाटकं नका करू. काय झालं ते सरळ सांगा."

सरळ सांगितलं. चहा आतच निवून गेला.

हे मी कुणासाठी लिहितोय, तेही सांगतो. ज्याच्यासमोर आज असा चहा आलाय, त्याच्यासाठी. पुढे काय होतं ते मी बघून आलोय. भीती वाटणारच. पण मधूनमधून हसायलाही भरपूर मिळतं, हे कुणी सांगत नाही.

डायलिसिस

वर्षभर आठवड्यातून दोनदा हिंगोलीला जाऊन मशीनला जोडून घेतलं. चार तास रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं. मी पहिल्याच दिवशी सिस्टरना म्हणालो, "आमच्याकडं हळदीला असंच करतात. शिजवायची, वाळवायची, ढोलात घालून पॉलिश करायची." त्या हसल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात हसल्या. तो माझा त्या वर्षातला पहिला विजय.

शेजारच्या खाटेवर एक निवृत्त पोस्टमन असायचे. रेडिओ कानाला लावून झोपायचे. एका गुरुवारी त्यांची खाट रिकामी होती. त्या दिवशी चार तास मी एकही गोष्ट सांगितली नाही.

दबाव

किडनी जवळच्या नात्यातल्या माणसालाच देता येते. सुमनने सगळ्यात आधी हात वर केला. तिचा रक्तगटच जुळला नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी ती भाकरी थापताना रडत होती आणि मी विचारलं तर म्हणाली, "धूर झालाय." आमच्याकडे तेव्हा गॅस होता.

मग माझी थोरली बहीण आली. शांताअक्का. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला दिलेली. दोन एसट्या बदलून आली, पाणी पिण्याआधीच म्हणाली, "माझी घ्या."

"अक्का, अगं ही काय कोथिंबिरीची जुडी आहे का?"

"दोन हायेत ना मला? मग एक काहून देऊ नाही? तू गप्प राहा. तुला कोणी इचारलं?"

"मलाच बसवायची आहे ती!"

"मग बसवून घे."

तपासण्या झाल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, ना बीपी, ना साखर. संभाजीनगरच्या मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडम तिचे रिपोर्ट बघून म्हणाल्या, "तुम्ही काय खाता?" अक्का म्हणाली, "जे उरंल ते."

किडनी देणाऱ्यावर कुणी जबरदस्ती करत नाही ना, हे बघायला एक समिती असते. टेबलापलीकडे चार-पाच माणसं, एकाच्या हातात कॅमेरा. त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्यावर कुणाचा दबाव आहे का?"

अक्का माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "याचा? माझ्यावर? साहेब, ह्यो कालव्यात बुडून राहिला होता तवा मी याला केसाला धरून भाईर काढलं. तवापासून दबाव माझाच हाय याच्यावर."

कॅमेरावाला हसला, त्यामुळे ते चित्रीकरण परत घ्यावं लागलं. दुसऱ्यांदा तिने आणखी रंगवून सांगितलं. लोक म्हणतात नाटकीपणा माझ्यात आहे. तो आमच्या घराण्यातच आहे.

धार

ऑपरेशननंतर शुद्धीवर आलो तेव्हा सुमन मास्क लावून उभी होती. डोळेच दिसत होते, पण ते हसत होते. खाटेला लटकवलेल्या पिशवीत पिवळं पाणी जमत होतं. सिस्टर म्हणाल्या, "किडनी टेबलावरच सुरू झाली." वर्षभर मला लघवी म्हणावी अशी झालीच नव्हती. त्या पिशवीकडे मी जसा बघत होतो, तसं मी माझ्या मुलाच्या दहावीच्या निकालाकडेही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या वॉर्डातून अक्काचा निरोप आला, "माझी किडनी उठली का? तिला पहाटं उठायची सवय हाय म्हणावं."

चौथ्या दिवशी मला खुर्चीतून फिरवलं तेव्हा कॉरिडॉरच्या टोकाला ती दिसली. कमरेत वाकलेली, एक हात कुशीवर, दुसरा हात भिंतीवर, एकेक पाऊल मोजून टाकत होती. मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं की देणाऱ्याला घेणाऱ्यापेक्षा जास्त दुखतं. तिने मला बघितलं. लगेच सरळ उभी राहिली, पदर खोचला आणि ओरडली, "काय रे, राजा! पालखीत बसून कुठं निघाला?"

मास्क होता म्हणून बरं.

तीन महिने रुग्णालयाजवळ एक खोली घेऊन राहिलो. सकाळी ठरल्या वेळेला गोळ्या, संध्याकाळी ठरल्या वेळेला गोळ्या. वजन, ताप, लघवी, सगळं मोजायचं. सुमनने एक वही केली. ती अंगणवाडीत सेविका आहे, लेकरांची वजनं लिहायचा तिला सराव. मापाचं प्लास्टिकचं भांडं उजेडात धरून ती आकडा असा पुकारायची की शेजारच्या खोलीतली मंडळी टाळ्या वाजवायची.

कमी झालेली चीज

वारंगा फाट्याजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा सुमनने माझी खोली रंगवून घेतली होती. दाराला आडवी बाज. भेटायला येणाऱ्यांनी खिडकीतूनच भेटायचं. आता आमच्याकडे आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे गुन्हा, आणि आलेल्याला आत न घेणं म्हणजे त्याहून मोठा गुन्हा. लोक नारळ आणि बिस्किटाचे पुडे घेऊन खिडकीबाहेर उभे. एक चुलते म्हणाले, "आमी काय रोग घेऊन आलोत का?" आणि रागाने पुडा परत घेऊन गेले. मी मात्र खिडकीच्या गजांमागे बसून रोज दरबार भरवला. ऑपरेशनची गोष्ट मी निदान दोनशे वेळा सांगितली असेल. शेवटी शेवटी तर त्यात मीच डॉक्टरला सूचना देत होतो.

अक्का महिन्याभरात आली. तिला बाज, खिडकी काही नाही. बाज उचलली, आत आली, हात मात्र धुतले.

"डाक्टर काय म्हनल्या?"

"सगळं झकास. फक्त गोळ्यांनी माझी प्रतिकारशक्ती कमी करून ठेवलीय."

"कमी केली? काहून?"

"म्हणजे माझं शरीर तुझ्या किडनीला परकं समजून मारायला उठू नये म्हणून."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी लहानपणी उलटी चड्डी घातल्यावर बघायची. "बापू, कमी झालेली चीज वाढवावी लागती. यवढं बी कळंना तुला? म्हनूनच तर तू असा पांढरा पडून राहिला."

तिचं चुकलं असं आज कुणी म्हणू नये. कोरोनात आमच्या अख्ख्या जिल्ह्याने एकच धडा गिरवला होता, प्रतिकारशक्ती वाढवा. अक्काच्या बांधावर एक जुना निंब आहे आणि त्याला मनगटाएवढा गुळवेल चढलेला आहे. त्या दोन वर्षांत तिने गावाला काढा पुरवला होता. आणि हळद तर आमच्या घरात मिठासारखी. त्यामुळे पुढच्याच मंगळवारी ती थर्मास घेऊन हजर. सकाळी, सुमन अंगणवाडीत गेल्यावर.

"ह्यात काय आहे?"

"निंबावरचा गुळवेल, घरची हळद, सुंठ, मिरं. पी."

"अक्का, मॅडमनी बाहेरचं काही..."

"भाईरचं कुठं हाय? घरचं हाय."

यापुढे काय बोलणार? तुम्हीच सांगा. जिने स्वतःची किडनी काढून दिली, तिला एक पेला काढा नको म्हणायचा? मी प्यायलो. इतका कडू की कानातून वाफ निघाली. ती विचारत होती, "कसा हाय?" मी डोळे मिटून म्हणालो, "अमृत."

बास. त्या एका शब्दाने मी अडकलो. दर मंगळवारी थर्मास, आणि मधल्या दिवसांसाठी चूर्णाची बाटली. ती मी उशीच्या खोळीत लपवायचो. सुमनला सांगितलं नाही, कारण ती भांडली असती. मॅडमना सांगितलं नाही, कारण त्या रागावल्या असत्या. आणि अक्काला नको म्हटलं नाही, कारण तिला वाईट वाटलं असतं. तिघींना खूश ठेवणारा मी एकटाच शहाणा.

थंड

आठव्या महिन्यात, ऐन फेब्रुवारीत, बाहेर माझं कुकर दुसऱ्याच्या हातांनी फिरत होतं. मला धूळ, माती, पॉलिशचा ढोल, सगळं वर्ज्य. दुरून शिजलेल्या हळदीचा वास यायचा आणि जीव कासावीस व्हायचा. त्याच दिवसांत जरा सर्दी झाली, अंग कोमट लागलं. मग एका सकाळी भांड्यात पाणी कमी दिसलं. दुसऱ्या दिवशी आणखी कमी. पायावर चपलेच्या पट्ट्याची खूण उमटायला लागली.

मला कळलं होतं. पूर्ण कळलं होतं.

आणि मी काय केलं? भांड्यात नळाचं पाणी घातलं. रोजच्या आकड्यापर्यंत. चार दिवस.

हे लिहायला मला फार वेळ लागला. बाकी सगळं मी हसत सांगतो, हे तसं सांगता येत नाही. मला वाटलं, होईल आपोआप ठीक. आणि मला वाटलं, रुग्णालयात गेलो आणि त्यांनी सांगितलं की किडनी गेली, तर अक्काला कोणत्या तोंडाने सांगायचं? तिची होती ती. माझी गेली असती तर एक वेळ चाललं असतं.

पाचव्या सकाळी सुमनने भांडं उचललं, आकडा वाचायला तोंड उघडलं आणि थांबली. तिने भांड्याला तळहात लावला.

"हे थंड काहून हाय?"

मी म्हणालो, "हवा गार आहे."

तिने मला काट्यावर उभं केलं; गावी आल्यापासून वजन आठवड्यातून एकदाच व्हायचं. चार दिवसांत पावणेतीन किलो वाढले होते. तिने वही खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "आठ महिने मी तुमची लघवी मोजली. लेकराची मोजावी तशी. आन तुमी मला नळाचं पानी मोजायला लावलं."

दुपारपर्यंत आम्ही संभाजीनगरच्या वाटेवर होतो. अख्ख्या वाटेत ती एक शब्द बोलली नाही. मला शिव्या चालल्या असत्या.

कुत्रं

रक्ताचा रिपोर्ट वाईट होता. मॅडम तरुण आहेत, हसतमुख आहेत, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा हिंगोलीच्या डॉक्टरसारखा झाला. मी मनात म्हणालो, आता चहा मागवू नका म्हणजे मिळवली.

"बायोप्सी करू. त्याआधी सांगा, गोळ्या चुकल्या का?"

"एकही नाही," सुमन म्हणाली.

"ताप, सर्दी?"

"थोडी," मी म्हणालो.

"दुसरं काही घेतलं? आयुर्वेदिक, घरगुती?"

सुमन ठामपणे म्हणाली, "काही नाही, मॅडम."

मी मांडीवरची पिशवी आणखी घट्ट धरली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मी इथे माझ्या भाषेत सांगतो, कारण मला ते आठ महिन्यांपूर्वी समजलं असतं तर बरं झालं असतं.

शरीरात राखण करणारे दोन प्रकारचे. एक शिकलेले. ते चेहरा ओळखतात, लक्षात ठेवतात, हा आपला, हा परका. आमच्या गोळ्या प्रामुख्याने त्यांना झोपवतात. दुसरे उपजत, जन्मापासून दारात बसलेले. ते ओळखपाळख बघत नाहीत. कुठे जखम दिसली, कुठे जंतू शिरला, की आरडाओरडा करतात. ती सूज, तो दाह, म्हणजे त्यांचा आरडाओरडा. आणि तो फार वाढला की गोळ्या देऊन झोपवलेले शिकलेलेही जागे होतात, किडनीकडे बघतात आणि म्हणतात, अरे, ही कोण?

"म्हणजे आखाड्यावरचं कुत्रं," मी म्हणालो.

"काय?"

"आमच्याकडं शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. तिथं कुत्रं असतं. ते चोरावरही भुंकतं आणि जावयावरही भुंकतं. ते फार भुंकलं की घरातली माणसं काठ्या घेऊन धावतात. आणि कुणाला मारायचं ते अंधारात कुणी विचारत नाही."

मॅडमनी मान डोलावली. "बरोबर. आणि तुमची किडनी आली तेव्हाच जखमी पाहुण्यासारखी आली होती. कापलेली, बर्फात ठेवलेली. कुत्रं पहिल्या दिवसापासून कान टवकारून आहे. आमचं सगळं काम म्हणजे घरात शांतता ठेवणं."

शांतता. आणि मी काय करत होतो? रोज सकाळी त्या कुत्र्याला तूप-भाकर चारत होतो, की बाबा, जोरात भुंक.

मी उशीची खोळ पिशवीत घालून आणली होती. का आणली ते मलाही माहीत नाही. बाटली काढून टेबलावर ठेवली. सुमनने आधी बाटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"कुणी दिलं हे?" मॅडमनी विचारलं.

"जिनं किडनी दिली तिनंच."

मॅडमनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

तीन दिवस

किडनी पोटात खाली पुढच्या बाजूला बसवलेली असते, म्हणून बायोप्सी उताणं झोपवून करतात. एक टक् असा आवाज, आणि मग कितीतरी तास हलायचं नाही. माझ्यासारख्या हातवारे करणाऱ्या माणसाला ही खरी शिक्षा.

निकाल आला. रिजेक्शन. शरीराने किडनीवर हात टाकला होता. "पण अजून वेळ गेलेली नाही," मॅडम म्हणाल्या. "आणखी आठवडा पाणी घालत बसला असतात तर काही करता आलं नसतं." तीन दिवस शिरेतून स्टेरॉइडची इंजेक्शनं. लागू पडली तर ठीक.

स्टेरॉइडने भूक लागते आणि बोलायची खुमखुमी येते. मला बोलायची खुमखुमी! वॉर्डातल्या लोकांनी पडदे ओढून घेतले. झाडलोट करणाऱ्या मावशी माझ्या खाटेखालचा केर काढायला येईनाशा झाल्या. पण खरं सांगतो, ते सगळं बोलणं एका गोष्टीभोवती फिरत होतं आणि ती गोष्ट मी कुणाला सांगत नव्हतो. मी अक्कासाठी एक खोटं रचत होतो. हवामान, विषाणू, नशीब. चांगलं पल्लेदार भाषण तयार केलं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अक्का आली. कुणी कळवलं नव्हतं, फोन लागेना म्हणून निघून आली. माझा सुजलेला चेहरा बघितला आणि माझ्याशी बोललीच नाही. सरळ सुमनला विचारलं.

सुमनने सांगितलं. सगळं, बाटलीसकट. आवाज न चढवता.

माझं भाषण राहिलं बाजूला. मॅडम राउंडला आल्या तेव्हा अक्का त्यांच्यासमोर उभी राहिली. "बाई, माझ्या काढ्यानं झालं का हे?"

"नक्की सांगता येत नाही, आजी. सर्दीनेही झालं असेल. सगळ्यांनी मिळूनही झालं असेल. पण काढा द्यायला नको होता. भाजीत घालता तेवढी हळद चालते. औषध म्हणून काही म्हणजे काही नाही."

अक्का मागे सरकली आणि स्टुलावर बसली. तिने कुशीवर हात ठेवला, जिथून किडनी काढली होती तिथे. कालव्यातून मला काढताना न घाबरलेली बाई, समितीला हसवणारी बाई, आणि आता तिची हनुवटी थरथरत होती.

"बापू," ती म्हणाली, "तू मला नको काहून नाही म्हनला?"

मी म्हणालो, "तुला कसं नको म्हणू?"

"तोंडानं."

सुमन पाठमोरी झाली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. बहुतेक दोन्ही. पण त्यानंतर तिने मला पहिल्यांदा पाण्याचा पेला हातात दिला. तीन दिवस टेबलावर ठेवून जात होती.

पाचव्या दिवशी रक्तात साठलेल्या घाणीचा आकडा थोडा उतरला. सातव्या दिवशी आणखी. मॅडमनी सांगितलं, पहिल्यासारखा होणार नाही, थोडा व्रण राहील, पण किडनी राहतेय. अक्काला आकडे कळत नाहीत. तिने विचारलं, "म्हंजी जगली का?"

"जगली."

"मोठी चिवट हाय ती," अक्का म्हणाली, आणि पदराने तोंड पुसून डबा उघडायला लागली. मग थांबली. डबा मॅडमच्या पुढे धरला. "बघा बाई. नुसती मुगाची डाळ हाय. चालंल का?"

पूजाचं लग्न

गोष्ट इथे संपवली असती, पण एक राहिलंय.

इंजेक्शनांनंतर काही महिने प्रतिकारशक्ती अगदी तळाला असते. गर्दीत जायचं नाही, असं मॅडमनी तीनदा बजावलं. आणि दीड महिन्यावर अक्काच्या धाकट्या मुलीचं, पूजाचं लग्न. मी तिचा एकुलता एक मामा. वारंगा फाट्याच्या मंगल कार्यालयात दोन हजार माणूस. माइक मीच धरणार असं पूजा चौथीत असल्यापासून ठरलेलं.

अक्का पत्रिका घेऊन आली. या वेळी बाजेच्या बाहेर उभी राहिली.

"पाच मिनिटं ये," ती म्हणाली. "मास्क लावून. लोक इचारतील मामा कुठंय. काय सांगू? किडनी घेतली आन लग्नाला आला नाही?"

मला माहीत होतं की हे ती मला टोचायला म्हणत नाहीये. तिला खरंच लोकांना तोंड द्यायचं होतं. सुमन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हे मलाच बोलायचं होतं.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात छोटी भूमिका. एकच वाक्य.

"नको, अक्का. मी येणार नाही."

"लांब उभा राहा. मांडवाच्या भाईर."

"नको."

मी तयार होतो. ती चिडेल, रुसेल, रडेल, समितीला सांगितलेली कालव्याची गोष्ट काढेल.

"बरं," ती म्हणाली.

मी बावन्न वर्षं तिला ओळखतो. हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. मग ती मान वळवून आत ओरडली, "सुमन, ऐकलं का? तोंडानं बोलून राहिला तुझा नवरा!"

लग्नाच्या दिवशी मी खोलीत बसून मोबाइलवर सगळं बघितलं. निवेदक अगदीच सुमार होता, वाक्याच्या मध्येच श्वास घेत होता. त्याला मी जागेवरूनच मनसोक्त नावं ठेवली. संध्याकाळी दारात गाडी थांबली. पूजा आणि तिचा नवरा उतरले, फुलांनी आणि दोन हजार माणसांच्या आशीर्वादांनी भरलेले. पूजा "मामा!" म्हणून धावतच दाराकडे आली, नवरदेव तिच्या मागे.

अक्का गाडीतून उतरून त्यांच्या आधी दाराशी पोचली. आमची ती बाज तिने स्वतःच्या हातांनी ओढून आडवी लावली आणि तिच्यासमोर दोन्ही हात पसरून उभी राहिली.

"तिथंच थांब पूजे. आन जावईबापू, तुमीबी." पोरगी हिरमुसली. अक्काचा आवाज जरासुद्धा खाली आला नाही. "रडायला काय झालं? मामा जित्ता हाय, समोर बसलाय. खिडकीतून पड पाया."